अक्कलदाढ निघाली, भोक राहिलं : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

मागच्या अंकात रूट कॅनालवर लिहिलं होतं, पण पत्रं आणि मेसेज आलेत ते बहुतेक सगळे अक्कलदाढेचे. मे महिना, कॉलेजला सुट्टी, त्यामुळं घरोघरी "आत्ताच काढून टाकूया" असं झालेलं दिसतंय. सारखे सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत. दाढ काढावी की नको हा विषय आज नाही हं, ज्यांची काढून झालीय किंवा काढायचं ठरलंय त्यांच्यासाठीच आहे हे.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी खानापूर तालुक्यातला, वय २३. बेळगावात येऊन खालची उजवी अक्कलदाढ काढली, आडवी होती म्हणून थोडं हाड कापलं, टाके आहेत. पहिल्या दिवशी बरा होतो पण आज तिसऱ्या दिवशी उठलो तर गालात लिंबू ठेवल्यासारखी सूज, तोंड तर एका बोटाएवढंच उघडायलंय. आई म्हणते मिठाच्या पुरचुंडीनं शेक, मित्र म्हणतोय इन्फेक्शन झालंय, अँटिबायोटिक बदल. सूचनांचा कागद दिलाय तो कन्नड आणि इंग्रजीत, गर्दी होती म्हणून कुणी नीट समजावून पण सांगितलं नाही. काय करू?

उत्तर : आधी घाबरायचं थांबवा. तिसरा दिवस असाच असतो. हाड कापून काढलेल्या दाढेची सूज पहिल्या दिवशी फारशी दिसत नाही, ती वाढत वाढत ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त होते आणि मग उतरायला लागते, कधी कधी गालावर हिरवा-पिवळा डाग पण येतो, तोही जातो. ही सूज म्हणजे पू नव्हे, जखम भरायचं काम चालू झालंय एवढंच. त्यामुळं मित्राचं ऐकून मेडिकलमधनं दुसरं अँटिबायोटिक आणू नका, जे लिहून दिलंय ते पूर्ण करा, आणि काहीच लिहून दिलं नसेल तरी तक्रार नको, प्रत्येक दाढेला अँटिबायोटिक लागतंच असं नाही.

तोंड उघडत नाही ते चावायचे स्नायू सुजून आखडलेत म्हणून. एरवी आपल्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावतात, आता एक मावतंय, हळूहळू दोन होतील, आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेकांचं पहिल्यासारखं होतं. आजपासनं दिवसातनं चार-पाच वेळा जमेल तेवढं तोंड सावकाश उघडायचं, ताण बसला की थांबायचं, जबरदस्ती नाही. (गुटखा-सुपारीवाल्यांनो, तुमचं तोंड दाढ काढायच्या आधीपासनंच कमी उघडत असेल आणि तिखट लागल्यावर आग होत असेल तर त्याचा दाढेशी संबंध नाही, ते आधी दाखवून घ्या, तो आजार पुढं कॅन्सरकडं जाऊ शकतो.)

आईचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त दिवस बघायचा. पहिले २४ तास गार शेक, म्हणजे बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरनं, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा आणि तेवढाच वेळ काढायचा. बर्फ नसेल तर फ्रीजरमधली नंदिनी दुधाची पिशवी फडक्यात गुंडाळा, काही बिघडत नाही. दोन दिवस झाले की मग कोमट शेक, त्यानं आखडलेले स्नायू सैल होतात. म्हणजे तुमचं आता शेकायचं चालेल, पण पुरचुंडी तव्यावरनं उचलून थेट गालाला लावू नका, आधी हाताच्या मागच्या बाजूला लावून बघा.

कागदाचं म्हणाल तर राग येतो मला. आपल्या भागात दवाखान्यात तिन्ही भाषा बोलणारं कोणी ना कोणी असतंच, दोन मिनिटं तोंडी सांगायला काय जातं? तुम्ही पण खुर्चीतनं उठायच्या आधी विचारत जा, लाजू नका. असो, त्या कागदावर काय लिहिलेलं असतं ते मीच सांगते. दाढ निघाली की तिथल्या खड्ड्यात रक्त साचून गोठतं, ती रक्ताची गुठळी म्हणजे खालच्या उघड्या हाडावरचं आणि नसांवरचं झाकण, आणि तिच्यातनंच पुढं नवीन मांस आणि मग हाड तयार होतं. कागदावरचे सगळे नियम ती गुठळी हलू नये म्हणून आहेत. कापूस किंवा गॉज अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा आणि सारखा काढून बघायचा नाही. पहिले २४ तास गुळण्या नाहीत आणि थुंकायचं तर अजिबात नाही, लाळ गिळायची, थोडी गुलाबी असली तरी, कारण पहिला दिवस लाळेत रक्ताचा रंग येतोच. स्ट्रॉ नाही, कारण ओढताना तोंडात जे शोषलं जातं त्यानं गुठळी सुटते. गरम चहा नाही, विडी-सिगारेट नाही, दारू नाही, रात्री उशी उंच घ्यायची. दुसऱ्या दिवसापासनं कोमट पाण्यात मीठ, एका ग्लासला अर्धा चमचा, तोंडात घ्यायचं, मान इकडं तिकडं वाकवायची आणि बेसिनमध्ये नुसतं सोडून द्यायचं, जेवल्यावर दरवेळी. ब्रश बाकीच्या दातांना करायचा, दाढेच्या बाजूला जपून. आपल्याकडं लोक तोंडाला लागलंय म्हणून आठवडाभर ब्रशच बंद करतात आणि मग वास येतोय म्हणून येतात.

आता तुम्ही दवाखान्यात कधी धावायचं ते ऐका. चौथ्या-पाचव्या दिवशी सूज उतरायच्या ऐवजी वाढायला लागली, ताप आला, तोंडात पू किंवा घाण चव आली तर दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका. आणि गिळायला त्रास, जिभेखाली-गळ्याकडं सूज, श्वास अडकल्यासारखा वाटणं, यातलं काही झालं तर खानापुरातनं बेळगावची सकाळची बस बघत बसायचं नाही, रात्री असेल तर रात्री, गाडी करून मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जायचं.

प्रश्न : आमच्या सासूबाईंची वरची शेवटची दाढ काढली, वय ५८. आमचं गाव निपाणीजवळ. डॉक्टरांनी तंबाखू बंद म्हणून सांगितलं तर ह्या म्हणतात मी कुठं तंबाखू खाते, मी नुसती मिश्री लावते. मिश्रीशिवाय त्यांना सकाळचं होत नाही, चिडचिड करालेत. किती दिवसांनी लावू द्यायची?

उत्तर : वहिनी, तुमच्या सासूबाईंचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पेशंटला "तंबाखू खाता का" असं विचारतच नाही, सरळ "मिश्री, तपकीर, पान, गुटखा, विडी यातलं काय" असं विचारते. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच, निपाणीच्या माणसाला हे मी सांगायला पाहिजे असं नाही. भाजल्यानं निकोटिन जात नाही, म्हणून तर तल्लफ येते.

जखमेला मिश्रीइतकं वाईट दुसरं काही नसेल. विडीत निदान धूर असतो, इथं बोट थेट हिरडीवर घासायचं, म्हणजे गुठळी बोटानंच निघणार, मग त्या भुकटीचे कण खड्ड्यात जाऊन बसणार, निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळणार म्हणजे जखमेला रक्त कमी मिळणार, आणि शेवटी पचापचा थुंकायचं ते वेगळंच. चारही गोष्टी एकदम. त्यामुळं कमीत कमी पहिले तीन दिवस तर बोट पण लावू द्यायचं नाही, आणि नीट भरायचं असेल तर दोन आठवडे. आणि मला विचाराल तर दोन आठवडे सुटली तर परत कशाला लावायची? पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही, तेवढे निघाले की जोर कमी होत जातो. सकाळी उठल्यावर आधी कोमट पाणी प्यायला द्या, जेवणात पपई, मऊ शिजलेली पालेभाजी, ताक वाढवा, तरी नाही झालं तर इसबगोल. पेस्ट आणि मऊ ब्रश आणून द्या, मिश्रीचा डबा त्यांच्या हाताशी ठेवू नका, पण लपवून भांडण पण नको, त्यांनाच विचारून बाजूला ठेवा. तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर छापलेला असतो, तो नुसता छापलेला नाही, तिथं खरंच माणसं बोलतात आणि सोडायला मदत करतात.

दाढ वरची आहे म्हणून अजून एक. वरच्या दाढांच्या मुळांवर लगेच सायनसची पोकळी असते. दोन आठवडे जोरात नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून शिंकायचं. पाणी पिताना नाकातनं आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, ते भोक सायनसपर्यंत गेलेलं असू शकतं. आणि बाकी सगळं भरल्यावर एकदा त्यांच्या गालाची आतली बाजू पण तपासून घ्या, इतकी वर्षं मिश्री आहे म्हणजे पांढरा चट्टा वगैरे आहे का बघितलेलं बरं.

प्रश्न : डॉक्टर, मी टिळकवाडीत रूम घेऊन राहते. परवा दाढ काढली आणि येत्या रविवारी मामेबहिणीचं लग्न आहे. काय काय खाऊ शकते? मैत्रिणी म्हणतात नुसतं आईस्क्रीम खा, मजा आहे तुझी. उसाचा रस चालतो का?

उत्तर : नुसत्या आईस्क्रीमवर जखम भरत नाही गं, आणि भरपूर आईस्क्रीम नुसत्या पोटात गेलं की गोळ्यांनी आणखी मळमळतं. पहिले दोन दिवस गार आणि पातळ, म्हणजे नाचणीची आंबील थंड करून, ताक, मऊ ताकभात, दही-केळं कुस्करून, आमरस (आंबा घरी आहे तर मिक्सरमधनं काढ, कोय चोखत बसू नको, तो पण स्ट्रॉचाच प्रकार झाला). मग कण्या, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, शिरा, इडली दुधात किंवा पातळ सांबारात बुडवून, अंड्याची मऊ भुर्जी. डाळ-अंडं-दही यातलं काहीतरी रोज पोटात जाऊ दे, प्रोटीन पाहिजे. सगळं दुसऱ्या बाजूनं चावायचं. उसाचा रस ग्लासनं पी, स्ट्रॉ नको, आणि रसवंतीचा बर्फ कुठल्या पाण्याचा असतो ते तुला पण माहीत आहे, म्हणून बिनबर्फाचा.

लग्नात काय चालणार नाही ते सांगते कारण तिथंच गडबड होते. शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, तीळ लावलेलं काही, चिवडा, चुरमुरे, पापड, कडक भाकरी. आपल्याकडच्या ताटात शेंगाची चटणी नाही असं होत नाही आणि तो बारीक कूट बरोब्बर त्या भोकात जाऊन बसतो. करदंट चिकट आणि कडक दोन्ही, तो नकोच. मांडे कुरकुरीत आहेत, दुधात बुडवून मऊ केलास तर खा. कुंदा मात्र खुशाल खा, फक्त नंतर मिठाचं पाणी घे. तांबड्या रश्श्याला आठवडाभर हात लावू नको, तिखटानं भोक पडत नाही पण झणझणून डोळ्यांतनं पाणी येईल आणि फोटो खराब होतील.

प्रश्न : चिकोडीहून लिहितोय. खालची दाढ काढून चौथा दिवस. दोन दिवस दुखणं कमी होतं आणि काल रात्रीपासनं एकदम कानापर्यंत ठणका, गोळीचा उपयोग शून्य, तोंडाला वास येतोय. खड्ड्यात बघितलं तर रिकामा, पांढरं हाड दिसतंय असं बायको म्हणते. विडी ओढली होती दोनदा, खोटं कशाला सांगू. लवंगेच्या तेलाचा बोळा घातलाय. असाच राहू दे का?

उत्तर : बोळा काढा आणि आजच दाखवा. तुमचं वर्णन म्हणजे ड्राय सॉकेट, गुठळी निघून गेली आणि हाड उघडं पडलं. लक्षात ठेवायची खूण हीच आहे : नेहमीचं दुखणं रोज थोडं थोडं कमी होत जातं, ड्राय सॉकेटचं दुखणं दोन-तीन दिवसांनी उलटं फिरून वाढतं, कानात, डोक्यात जातं. खालच्या अक्कलदाढेला हे जास्त होतं, आणि विडी-सिगारेटवाल्यांना तर आणखी जास्त. बायकांमध्ये गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तरी शक्यता वाढते, तेव्हा त्या गोळ्या घेणाऱ्यांनी दाढ काढायच्या आधीच सांगावं.

हे इन्फेक्शन नाही, त्यामुळं अँटिबायोटिक घेऊन ठणका जाणार नाही. डॉक्टर खड्डा सलाईननं धुतात आणि औषधी ड्रेसिंग भरतात, त्यात लवंगेतलंच युजेनॉल असतं, म्हणजे तुमची कल्पना अगदीच चुकीची नाही. पण घरचं तेल कच्चं, हिरडी भाजते, आणि कापसाचे धागे आत अडकून राहिले की भरायचं सोडून सडायला लागतं. ड्रेसिंग भरल्यावर बऱ्याच जणांना तासाभरात हायसं वाटतं, एक-दोन दिवसांनी बदलून घ्यायला परत जावं लागतं, आठवडा-दहा दिवसांत ठणका संपतो. चिकोडीत सोय नसेल तर बेळगावात डेंटल कॉलेजची ओपीडी असते, तिथं हे रोजचं काम आहे. आणि एक, ठणका आहे म्हणून गोळ्यांवर गोळ्या नकोत. पॅरासिटामॉल ५०० ची गोळी असेल तर २४ तासांत आठच्या वर कधीही नाही, आणि मेडिकलवाला देतो त्या मिक्स गोळीत पण पॅरासिटामॉल असतंच, ते धरून. अ‍ॅस्पिरिन दुखण्यासाठी घ्यायची नाही, हिरडीवर ठेवायची तर नाहीच नाही, कातडी पांढरी पडून जळते.

प्रश्न : वडलांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. अक्कलदाढ काढायची आहे. शेजारचे म्हणतात आठवडाभर आधी गोळी बंद करा नाहीतर रक्त थांबणार नाही. - येळ्ळूर

उत्तर : शेजाऱ्यांना चहा द्या आणि गोळी चालू ठेवा. दाढेचं रक्त दाबून, टाका घालून, औषधाचा स्पंज ठेवून थांबवता येतं, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर हार्ट अटॅक. बहुतेक पेशंटची अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू ठेवूनच दाढ काढतात. वॉरफेरिनसारखी गोळी असेल तर आधी आयएनआर ही रक्ताची तपासणी करून घेतात. काहीही बदल करायचा तर हार्टच्या डॉक्टरांनी आणि दाताच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचा. जाताना गोळ्यांची चिठ्ठीच न्या, "एक बारकी गुलाबी गोळी असते" असं सांगून आम्हाला कळत नाही. वेळ सकाळची घ्या, म्हणजे रक्त येत राहिलं तर दिवसाउजेडी परत जाता येतं. दुखण्यासाठी आयब्रुफेन स्वतःच्या मनानं नको, पॅरासिटामॉलच. शुगर असेल तर दुखतंय म्हणून उपाशी राहून शुगरची गोळी घेऊ नका, चक्कर येऊन पडाल.

प्रश्न : दाढ काढून पंधरा दिवस झाले, खालचा ओठ आणि हनुवटी अजून बधिर आहे. भूल उतरली नाही का? ओठ वाकडा होईल काय?

उत्तर : भूल त्याच दिवशी काही तासांत उतरली. हे वेगळं आहे. खालच्या जबड्याच्या हाडातनं एक नस जाते, अक्कलदाढेची मुळं कधी कधी तिला अगदी चिकटून असतात (म्हणून तर आधी तो पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे काढतात), दाढ काढताना ती दबली किंवा ताणली तर ओठ-हनुवटी बधिर राहते. ती नस फक्त स्पर्श कळण्याची, ओठ हलवायची नव्हे, म्हणून तोंड वाकडं होणार नाही. बहुतेकांची जाणीव काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत परत येते, आधी मुंग्या, खाज, सुया टोचल्यासारखं, ते चांगलं लक्षण आहे. क्वचित बधिरपणा कायम पण राहतो, ते लपवत नाही. ज्यांनी काढलीय त्यांना आता दाखवा, ते बधिर भागाची नोंद करून ठेवतील आणि पुढच्या वेळी ताडून बघतील. तोवर चहा जपून, आणि दाढी करताना आरशात बघून.

प्रश्न : मी तालमीत जातो, कुस्ती करतो. खालची दाढ हाड कापून काढली. परत कधी उतरू?

उत्तर : पहिले तीन-चार दिवस जोर-बैठका पण नाहीत, रक्तदाब वाढला की जखम परत वाहते. आठवड्यानं हलका व्यायाम. कुस्ती मात्र लवकर नाही पैलवान, हाड कापलेल्या जागी जबडा काही आठवडे कच्चा असतो आणि क्वचित का होईना अशा वेळी मोडतो, जास्त करून दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान, कारण तोवर दुखायचं थांबलेलं असतं आणि माणूस सगळं चावायला लागतो. चार ते सहा आठवडे लढत नको, आणि लढतीला उतरायच्या आधी सर्जनला विचारूनच. वस्तादांना चिठ्ठी पाहिजे असेल तर डॉक्टर देतील. आणि ऊस दातानं सोलून खायचा नाही तेवढे दिवस, फडातनं जाताना हात शिवशिवतील तरी.

थोडक्यात उरलेले :

भोक कधी बुजणार? - भोकावरची हिरडी तीन-चार आठवड्यांत जुळते, आतलं हाड भरायला काही महिने. तोवर खालच्या भोकात भाताचं शीत अडकणारच, काडीनं, पिनेनं उकरू नका. आठवडा झाल्यावर डॉक्टरांना विचारून सुई नसलेल्या, वाकड्या टोकाच्या सिरिंजनं कोमट पाणी सोडून धुवा. काळे रेशमी टाके साधारण आठवड्यानं काढून घ्यावे लागतात, विरघळणारे आपोआप पडतात, तुमचे कुठले ते विचारून ठेवा.

वरची दाढ काढली की नजर कमी होते म्हणतात? - नाही होत. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. पन्नाशीत दाढ पण निघते आणि चष्मा पण लागतो, दोन्ही एकाच वर्षी झालं तर दाढेचा काय दोष? नंबर तपासायला डोळ्याच्या डॉक्टरांकडं जा.